माळावरची प्रयोगशाळा : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

प्रयोगशाळा म्हटली की आम्हां भिलाईकरांना पोलाद कारखान्यातील ती जागा आठवते, जेथे भट्टीतील धातूचा नमुना तपासला जातो. येथील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तिच्याही अर्धशतक आधी एका मराठी माणसाने आपल्या लोखंडाची परीक्षा शेतकऱ्याच्या रानात दिली होती. सुवर्णमहोत्सवी वर्षात त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले; परंतु रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडून यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असता बढतीत डावलले जाताच त्यांनी नोकरी सोडली. बेळगावी बंधू रामुअण्णांसह सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगर घडविला.

येथेच खरी कसोटी लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याच्या अज्ञानाला दोष दिला नाही. फाळ अधिक कठीण व टिकाऊ व्हावा म्हणून ते झटत राहिले. अखेर नांगरटीनेच शंका फिटली.

शहराच्या विस्तारामुळे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा ओसाड माळ व कर्जाऊ रक्कम दिली. निवडुंग, साप-विंचू यांच्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. कारखान्याबरोबर कामगारांची घरे उभी राहिली. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफाही वितळवून नांगर ओतले गेले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. भिलाईच्या कारखान्याचा करार आदल्याच वर्षी झाला होता. त्याची भट्टी पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. आमच्यापैकी अनेकांचे वडीलही असेच गाव सोडून नव्या माळावर आले आणि अनोळखी कामात स्वतःची परीक्षा देत राहिले. म्हणूनच लक्ष्मणरावांचे चरित्र आम्हांस घरचे वाटते. ज्याच्या हाती वस्तू जायची, त्याचा नकार त्यांनी अपमान मानला नाही. तो चाचणीचा निष्कर्ष मानून ते पुन्हा भट्टीकडे वळले. आमच्या मुलांनी त्यांच्यापासून एवढे घेतले तरी पुष्कळ झाले.