ज्यूल्स व्हर्न आणि त्याचा हिंदुस्थानी राजपुत्र

फ्रान्समधील नांत ह्या बंदराच्या गावी ८ फेब्रुवारी १८२८ रोजी ज्यूल्स व्हर्नचा जन्म झाला. वडील वकील होते. मुलानेही तोच व्यवसाय करावा, ह्या इच्छेने त्यांनी त्याला पॅरिसला धाडले. कायद्याचे शिक्षण त्याने पुरे केले, परंतु मन रमले ते नाटकांत, आणि नाटकांनी पोट भरेना. १८५७ साली विवाह झाल्यावर त्याने शेअरबाजारात दलाली पत्करली. पहाटे लेखन आणि दिवसा बाजार, असा त्याचा क्रम असे. १८६३ साली एत्झेल नावाच्या प्रकाशकाने त्याची बलूनप्रवासाची कादंबरी काढली, आणि त्याचे भाग्य उजळले.

ज्या कादंबरीने तो घरोघरी पोहोचला ती समुद्राखालील वीस हजार लीगांच्या प्रवासाची. १८६९ व १८७० ह्या दोन वर्षांत ती मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. वीस हजार लीग ही समुद्राची खोली नव्हे, हे येथे सांगितलेले बरे. ते पाण्याखालून कापलेले अंतर आहे, सुमारे ८०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला दोन प्रदक्षिणा! हुलसूरच्या ज्या मुलांना समुद्र म्हणजे नकाशावरील निळा रंग, त्यांनाही हे पुस्तक थेट तळाशी घेऊन जाते.

नॉटिलस ह्या पाणबुडीचा कप्तान नेमो कोण, कोठला, हे त्या कादंबरीत कळत नाही. व्हर्नच्या मनात तो रशियाने ज्याचे कुटुंब नष्ट केले असा पोलंडचा सरदार होता. रशियात पुस्तके खपत असल्याने एत्झेलने ह्याला हरकत घेतली, आणि नेमो निनावी राहिला. पुढे १८७५ साली पूर्ण झालेल्या ‘गूढ बेट’ ह्या कादंबरीत व्हर्नने रहस्य उलगडले. नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कर, टिपू सुलतानाचा भाचा. १८५७ च्या उठावात लढलेला आणि त्यात सर्वस्व गमावलेला! श्रीरंगपट्टणाचा टिपू बुंदेलखंडच्या राजघराण्याचा आप्त कसा, असा प्रश्न इतिहासाच्या गुरुजींनी विचारल्यास व्हर्न निरुत्तर होईल. हिंदुस्थान त्याने कधी पाहिलाच नव्हता. तरी १८८० साली त्याने नानासाहेब पेशव्यांना एका कादंबरीत आणले. तीत मात्र त्यांना न्याय मिळालेला नाही.

व्हर्नची अखेरची वर्षे आमियां येथे गेली. १८८६ साली मनःस्वास्थ्य बिघडलेल्या पुतण्याने त्याच्यावर गोळी झाडली. पाय कायमचा अधू झाला आणि लाडकी समुद्रसफर संपली. १८८८ पासून तो तेथील नगरसभेत निवडून येत होता. २४ मार्च १९०५ रोजी तो निवर्तला. मराठी मुलांच्या हाती त्याच्या कथा पुढे भा. रा. भागवतांनी दिल्या.

चित्रपटवाल्यांनीही त्याला सोडले नाही. तेव्हा शाळेत वा घरी ह्या कादंबरीवरील एकच चित्रपट पाहावयाचा झाला, तर कोणता निवडावा? बहुतेक जण डिस्ने कंपनीचा १९५४ सालचा चित्रपट सांगतील, आणि त्यात नवल नाही. त्यातील नॉटिलस पाहून डोळे दिपतात. महाकाय माखल्याशी झालेली झुंज आधी शांत समुद्रावर चित्रित केली होती. ती कृत्रिम दिसली म्हणून वादळ उभारून पुन्हा चित्रित केली. परंतु नेमोचे काय? ते काम जेम्स मेसन ह्या इंग्रज नटाने केले, उत्तमच केले. मात्र त्याचा छळ करणाऱ्या राष्ट्राचे नावदेखील चित्रपटात येत नाही. बुंदेलखंड नाही, १८५७ नाही.

त्यापूर्वी, १९१६ च्या अमेरिकन मूकपटात नेमो हिंदुस्थानी राजपुत्रच होता. समुद्राखाली प्रत्यक्ष चित्रण करण्याचे धाडसही त्या मंडळींनी बहामा बेटांजवळ केले. तथापि राजपुत्राच्या सूडाचे मूळ त्यांनी एका दुष्ट गोऱ्याच्या खासगी अपराधात शोधले, म्हणजे देशाचे दुःख घरगुती करून टाकले. १९७५ साली सोव्हिएत रशियात निघालेल्या तीन भागांच्या चित्रपटाने मात्र नेमोला त्याच्या बंडासह पडद्यावर आणले. त्यात डिस्नेचा थाट नाही. तरी निवड माझ्याकडे आली तर मी तोच निवडीन. माखला दुसरीकडेही पाहावयास मिळेल.

मात्र नेमोचा मृत्यू पाहण्यासाठी ‘गूढ बेट’च उघडावे लागते, आणि तेही जपून. १८७५ च्या इंग्रजी भाषांतरात इंग्रजी राज्यावरील त्याचा रोष सौम्य करून टाकला होता. मूळ फ्रेंच पुस्तकही निर्मळ नाही. व्हर्नच्या हस्तलिखितात मरणोन्मुख नेमोच्या ओठी स्वातंत्र्य हा एकच शब्द होता. छापताना एत्झेलने तो बदलवून तेथे देवाचे आणि मायदेशाचे नाव घालावयास लावले.