चार्ल्स स्ट्युअर्ट रोल्स

आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून निघून वेळापुरास मुक्कामाला येते. गाव जवळ आले म्हणजे वाटेतील चढावर पोचलेले वारकरी उताराने एकदम धावत सुटतात. यास धावा म्हणतात. याच ठिकाणाहून तुकाराम महाराजांना पंढरीचा कळस दिसला आणि ते देहभान विसरून धावत सुटले, अशी आख्यायिका आहे. वेळापूरच्या मुलांना हा देखावा नवा नाही. धाव्यात पहिला कोण आला हे कोणी विचारीत नाही. मध्ये न थांबता सर्वांबरोबर खाली पोचणे, एवढेच त्यात असते.

मोटारगाड्यांच्या चढाओढींतही असा एक प्रकार आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्यात वेगाला महत्त्व नसते. ठरलेला लांबचा पल्ला, ठरलेल्या दिवसांत, यंत्र न बिघडता व मार्गात अडून न पडता कोणती गाडी पुरा करते, हे पाहिले जाते. या प्रकारास कसोटी म्हणणे योग्य होईल. विसाव्या शतकाच्या आरंभी हौशी मोटारवाल्यांच्या क्लबांनी ही पद्धत पाडली आणि लवकरच ती आपल्या मुलुखातही आली. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक कसोटी झाली. एकंदर पल्ला ६२० मैलांचा असून त्यात सह्याद्रीतील सहा उंच घाट चढावयाचे होते. पुण्याहून कोल्हापुरास जाताना ज्यांनी कात्रज व खंबाटकी हे घाट पाहिले आहेत, त्यांनी ते त्या काळच्या खडी-मातीच्या रस्त्यासह डोळ्यांपुढे आणावेत. त्या कसोटीत उतरलेल्या एका गाडीस पूर्वेचे मोती असे नाव दिलेले होते. यंत्र बिघडून एकदाही न थांबता तिने सर्व पल्ला तोडला व बक्षिसे मिळविली. पुढे ग्वाल्हेरचे माधवराव महाराज शिंदे यांनी ती विकत घेतली. शिंद्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड. तेव्हा सह्याद्रीच्या घाटांत पारखलेले हे मोती योग्य घरी गेले, असेच म्हणावयास हवे. महाराजांना यंत्रांचा नाद एवढा होता की, त्यांच्या राजवाड्यात जेवणाच्या मेजावरून चांदीची लहानशी आगगाडी पाहुण्यांपुढे पदार्थ घेऊन फिरत असे!

त्या गाडीवर दोन माणसांची नावे जोडून लिहिलेली होती. त्यांतील पहिले नाव ज्याचे, त्या चार्ल्स स्ट्युअर्ट रोल्सचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

रोल्सचा जन्म लंडन शहरी २७ ऑगस्ट १८७७ रोजी एका श्रीमंत जमीनदाराच्या घरी झाला. वेल्समधील मॉनमथ गावाजवळ त्यांची मोठी जहागीर होती. १८९२ साली वडिलांना लॉर्ड ही पदवी मिळाली. अशा घरातील धाकट्या मुलाने शिकार करावी, मेजवान्यांस जावे व फार झाले तर सैन्यात अधिकारी व्हावे, हा त्या काळचा रिवाज. चार्ल्सला मात्र इंजिनाचे तेल प्यारे. ईटन येथील प्रसिद्ध शाळेत असता त्याचे हात व कपडे इतके मळलेले असत की, सोबती त्यास मळका रोल्स म्हणून चिडवीत. त्याचे त्याला काहीच वाटत नसे. पुढे केंब्रिज येथे ट्रिनिटी कॉलेजात त्याने यंत्रशास्त्राचा अभ्यास केला. सायकलच्या शर्यतींतही त्याने तेथे नाव मिळविले.

१८९६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो पॅरिसला गेला आणि पझो कंपनीची पावणेचार अश्वशक्तीची मोटार घेऊन आला. केंब्रिज गावात आलेली ही पहिलीच मोटार. त्या वेळचा इंग्रजी कायदा मोठा गमतीचा होता. मोटारीने ताशी चार मैलांहून अधिक वेगाने जाऊ नये आणि तिच्या पुढे एक माणूस पायी चालावा, अशी सक्ती होती. लंडनहून केंब्रिजला पोचावयास या गाडीस पावणेबारा तास लागले. आपल्याकडची चांगली बैलजोडीही तिला फार मागे राहू देती ना! त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हा कायदा रद्द झाला. पुढल्या वर्षी मोटारशोकिनांनी जो क्लब स्थापन केला, त्याच्या मूळ सभासदांत हा विद्यार्थीही होता. या संस्थेला पुढे रॉयल ऑटोमोबाईल क्लब असे नाव मिळाले.

या क्लबाने १९०० साली योजलेली हजार मैलांची कसोटी हा मोटारीच्या इतिहासातील एक मोठा प्रसंग होय. ती आखण्याचे सर्व श्रम क्लबाचा चिटणीस क्लॉड जॉन्सन याने घेतले. २३ एप्रिल रोजी लंडनच्या हाइड पार्कच्या कोपऱ्यापासून ६५ गाड्या निघाल्या आणि ब्रिस्टल, बर्मिंगहॅम, मँचेस्टर यांवरून एडिंबरोपर्यंत जाऊन न्यूकॅसल, लीड्स व नॉटिंगहॅमच्या मार्गाने १२ मे रोजी परत आल्या. परत आल्या असे म्हटले खरे, पण शेवटपर्यंत टिकलेल्या गाड्या त्याहून बऱ्याच कमी होत्या. हा खटाटोप बक्षिसांकरिता केलेला नव्हता. इंग्लंडातील बहुसंख्य लोकांनी तोपर्यंत मोटार डोळ्यांनी पाहिलेलीही नव्हती. घोडे बुजविणारे व धूळ उडविणारे हे यंत्र कशाच्या कामाचे, असा त्यांचा प्रश्न होता. गावोगावी गाड्या मांडून त्यास उत्तर द्यावयाचे होते. वाटेत रबरी धावा फुटत, पट्टे तुटत, नळ्या गळत; आणि गाडीचा धनी, मग तो कोणी लॉर्डपुत्र का असेना, चिखलात पाठीवर निजून दुरुस्ती करी. रोल्सने आपली बारा अश्वशक्तीची पानार गाडी या कसोटीत इतकी उत्तम चालविली की, हौशी चालकांमध्ये सर्वांत सरस म्हणून त्याला सुवर्णपदक मिळाले. त्या वेळी त्याला तेविसावे वर्ष चालू होते.

केवळ वेगाच्या शर्यतीही त्याने पुष्कळ केल्या. १९०३ साली झालेल्या पॅरिस ते माद्रिद या शर्यतीत तो उतरला होता. या शर्यतीत धुळीने पुढचे दिसेना, रस्त्यावर गर्दी आवरेना; मार्सेल रेनो या नामांकित चालकासह अनेक माणसे प्राणास मुकली आणि सरकारने बोर्डो येथेच ती बंद पाडली. असे प्रकार डोळ्यांदेखत होऊनही रोल्सचे मन मागे हटले नाही. हे धैर्य म्हणावे की आणखी काही, याचा निर्णय वाचकांनी पुढील हकीकत वाचून करावा.

त्याच वर्षी वडिलांकडून ६,६०० पौंड घेऊन त्याने लंडनमध्ये मोटारी विकण्याचे दुकान काढले. काही काळाने जॉन्सन त्याच्या जोडीला आला. पैशाच्या बाबतीत रोल्स फार जपून वागणारा होता. क्लबात जाताना तो आपले खाणे घरून बांधून नेई, आणि प्रवासात कधी कधी खोलीचे भाडे वाचविण्यासाठी गाडीखालीच झोपे, असे सांगतात. दुकान चांगले चालले. पण त्यात विकावयाच्या गाड्या फ्रेंच व बेल्जियन असत. त्यांच्या तोडीची गाडी आपल्या देशात निपजत नाही, हे शल्य त्याला होते.

ते शल्य काढणारा मनुष्य त्याला ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात भेटला. त्याचे नाव हेन्री रॉइस. दोघांच्या पूर्वायुष्यात केवढे अंतर! रॉइस हा एका गिरणीवाल्याचा मुलगा. नऊ वर्षांचा असता बाप वारला. त्याने वर्तमानपत्रे विकली, तारा पोचविल्या. मावशीने दिलेल्या पैशावर आगगाडीच्या कारखान्यात उमेदवारी धरली, तीही पैसा संपल्यामुळे अर्धवट राहिली. शाळेत बसावयास मिळाले ते सारे मिळून वर्षभर. स्वतःच्या कष्टाने त्याने विजेच्या यंत्रांचा लहानसा कारखाना उभा केला होता. जुनी विकत घेतलेली एक फ्रेंच मोटार मनासारखी चालेना, म्हणून त्याने स्वतःच दहा अश्वशक्तीची नवी गाडी बनविली. तिला दोनच सिलिंडर होते, आणि दोन सिलिंडरांची गाडी हादरे देते म्हणून रोल्सला तो प्रकार मुळीच आवडत नसे. परंतु रॉइसच्या गाडीत बसून तो फिरून आला मात्र, त्याचे मत बदलले. तीच गाडी मागून घेऊन तो लंडनला गेला आणि मध्यरात्री जॉन्सनला झोपेतून उठवून त्याने तिच्यातून फिरवून आणले, अशी गोष्ट सांगतात. रॉइसने बनवावे व रोल्सने विकावे, असा करार त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाला. या दोन नावांमधील जोडरेघ म्हणजे जॉन्सन, असे लोक गमतीने म्हणत; आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

आता नव्या गाडीची परीक्षा जगापुढे व्हावयास पाहिजे होती. त्याकरिता आयरिश समुद्रातील मॅन बेटावरची टूरिस्ट ट्रॉफी नावाची शर्यत त्यांनी निवडली. या शर्यतीत पेट्रोल मोजून मिळे, म्हणून नुसता वेग तेथे कामाचा नव्हता. १९०५ साली दोन गाड्या धाडल्या. पर्सी नॉर्दी याची गाडी दुसरी आली, पण खुद्द रोल्सच्या गाडीचे दंतचक्र पहिल्याच फेरीत मोडले आणि तो रस्त्याच्या कडेला बसून राहिला. दुसऱ्याने इतक्या निगुतीने बनविलेली गाडी आपल्या हाती मोडावी, याची लाज त्याला किती वाटली असेल! पुढल्या वर्षी तो पुन्हा गेला.

२७ सप्टेंबर १९०६ चा तो दिवस. डोंगरातील सुमारे चाळीस मैलांच्या वाटेवर चार फेऱ्या घ्यावयाच्या, म्हणजे एकंदर १६१ मैल. आणि पेट्रोल दर २५ मैलांस एक गॅलन, अधिक थेंब नाही. रोल्सच्या शेजारी कारखान्याचा मेकॅनिक एरिक प्लॅटफर्ड बसला होता. नॉर्दीच्या गाडीची कमान मोडल्यामुळे या खेपेस तो मागे राहिला आणि सगळा भार रोल्सवर पडला. चढावर इंजिनावर जोर न आणता, उतारावर पेट्रोल राखून, वळणावर विनाकारण ब्रेक न दाबता त्याने एकसारखी चाल ठेवली. चार तास सहा मिनिटांत तो शेवटच्या खुणेपाशी आला. ताशी सरासरी ३९ मैलांहून थोडी अधिक पडली. दुसरी आलेली फ्रेंच गाडी त्याच्यामागून वीस मिनिटांहूनही अधिक उशिराने पोचली. सत्काराच्या वेळी रोल्सने सर्व श्रेय रॉइसला दिले. आपण नुसते बसून होतो, गाडीने आपणास आणून सोडले, अशा आशयाचे तो बोलला. मला वाटते, त्या ट्रॉफीहून हे बोलणे अधिक मोलाचे होते.

१९०७ साली त्यांनी रुपेरी भूत या नावाची गाडी क्लबाच्या देखरेखीखाली १५,००० मैल चालविली. चालविणारे रोल्स, जॉन्सन, प्लॅटफर्ड व मॅकरेडी हे चौघे आळीपाळीने बसत. ६२९ मैल झाल्यावर हादऱ्याने पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली आणि गाडी मिनिटभर थांबली. त्यानंतरचे १४,३७१ मैल ती यंत्राच्या दोषाने एकदाही थांबली नाही. शेवटी क्लबाच्या माणसांनी तिचे भाग सुटे करून तपासले. ती पुन्हा नव्यासारखी करण्यास लागणाऱ्या सामानाचा खर्च निघाला दोन पौंड, दोन शिलिंग व सात पेन्स! पुढल्याच वर्षी आपल्या घाटांत उतरलेले मोती याच जातीच्या गाडीचे होते.

एवढे यश हाती आले असता रोल्सचे मन मात्र गाडीतून उठू लागले होते. बलूनमधून तर तो पूर्वीच दीडशेहून अधिक वेळा आकाशात गेला होता. ८ ऑक्टोबर १९०८ रोजी फ्रान्समध्ये विल्बर राइटने त्याला आपल्या विमानातून वर नेले, आणि तेव्हापासून त्याला दुसरे काही सुचेना. कंपनीने विमाने बनवावीत असा आग्रह त्याने धरला. संचालकांना तो मानवला नाही. एप्रिल १९१० मध्ये त्याने कारखान्याची जबाबदारी सोडली आणि २ जून रोजी राइट विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून, फ्रान्समध्ये न उतरता, ९५ मिनिटांत तो परत आला. असे दोन्ही अंगांनी उड्डाण पूर्वी कोणीही केले नव्हते. सर्व देशभर त्याचा जयजयकार झाला.

त्याला सहाच आठवडे झाले होते. १२ जुलै रोजी बोर्नमथ येथे विमानांचा मेळावा भरला होता. प्रेक्षकांसमोर आखलेल्या खुणेच्या अगदी जवळ विमान उतरविण्याची चढाओढ होती, आणि वारा जोराचा होता. रोल्सच्या विमानास शेपटीचा एक नवा भाग थोड्याच दिवसांपूर्वी बसविलेला होता. ज्याने पंधरा हजार मैल गाडी पारखल्याखेरीज ती चांगली असे म्हणविले नाही, त्याने या भागाची पुरेशी परीक्षा केली नाही, हे नमूद करताना वाईट वाटते. विमान खाली येत असता शेपूट मोडले व ते प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत जमिनीवर आदळले. थोड्याच वेळात रोल्सचे प्राण गेले. वय बत्तीस. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात मृत्यू पावलेला तो पहिला इंग्रज होय.

मॉनमथजवळच्या आपल्या घराण्याच्या खेडेगावातील देवळाच्या आवारात त्याला पुरले. त्याच्या दोघा वडील भावांनाही १९१६ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, मृत्यू आला आणि घराण्याची लॉर्ड ही पदवी संपली. रॉइस १९३३ पर्यंत जगला. ज्या विमानांना कंपनीने नकार दिला होता, त्यांचीच इंजिने पुढे तिने बनविली. १९१९ साली आल्कॉक व ब्राउन अटलांटिक महासागर न थांबता ओलांडून गेले, तेव्हा त्यांच्या विमानावर रोल्स-रॉइसचीच दोन इंजिने होती.

मॉनमथच्या चौकात रोल्सचा पुतळा आहे. खाडीवरील उड्डाणाच्या गौरवार्थ तो उभारावयाचे गावकऱ्यांनी त्याच्या हयातीतच ठरविले होते. अनावरण झाले ते १९११ साली. पुतळ्यात मोटार कोठेच नाही. हातात दोन पंखांचे एक लहानसे विमान धरून तो त्याच्याकडे निरखून पाहत आहे.