तार्किकशिरोमणी आचार्य सिद्धसेन दिवाकर

दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांनी ज्यांना आदराने मस्तक लवविले, अशा मोजक्या आचार्यांत सिद्धसेन दिवाकर यांची गणना होते. त्यांचा काळ विद्वानांनी निरनिराळा सांगितला आहे; पुष्कळांचा कल इसवी सनाच्या पाचव्या शतकाकडे आहे. त्यांची जीवनकथा मात्र १२७७ मधील ‘प्रभावकचरित’ आदी पुष्कळ नंतरच्या ग्रंथांतून आपल्यापर्यंत आली, हे ध्यानी ठेवूनच ती वाचावी.

कात्यायन गोत्रातील या ब्राह्मण पंडितास आपल्या विद्वत्तेचा मोठा अभिमान होता. वाटेत वृद्धवादी आचार्य भेटताच त्यांनी तेथेच वादाचे आव्हान दिले. पंच म्हणून जवळ होते ते केवळ गुराखी. सिद्धसेन प्रौढ संस्कृतात बोलत राहिले. गुराख्यांना काही कळेना. वृद्धवादींनी लोकभाषेत, तालावर धर्म सांगितला आणि गुराख्यांनी त्यांनाच विजयी ठरविले. सिद्धसेन शिष्य झाले. दीक्षेतील नाव कुमुदचंद्र.

पुढे त्यांनी प्राकृत आगम संस्कृतात आणण्याची इच्छा प्रकट केली. संघाने हा आगमांचा अवमान मानला व त्यांना बारा वर्षे संघाबाहेर राहण्याचे प्रायश्चित्त दिले. शिक्षा कठोर होती, असे आज वाटते. आचार्यांनी मात्र ती स्वीकारली. त्यांचा मुख्य ग्रंथ ‘सन्मतितर्क’ प्राकृत गाथांतच आहे, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

या ग्रंथाचा गाभा असा. वस्तूकडे पाहण्याच्या मूळ दृष्टी दोन : द्रव्यार्थिक व पर्यायार्थिक. आमच्या व्यवसायातील उदाहरण द्यायचे तर, धोतर हे सूत म्हणून पूर्वीचेच आहे, वस्त्र म्हणून नवे आहे. दोन्ही विधाने आपापल्या अपेक्षेने खरी. दोन्ही गोष्टी एकाच क्षणी, सारख्याच प्राधान्याने, एका शब्दात सांगू गेल्यास वाणी थांबते, तेच अवक्तव्य. अस्ति, नास्ति व अवक्तव्य हे तीन मूळ भंग. दोन-दोनांच्या जोडीने आणखी तीन, तिन्ही मिळून एक. हिशोब सातावर पुरा होतो, आठवा भंग संभवत नाही.

‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ असे समजून स्याद्वादाला संशयवाद म्हणणारे आजही भेटतात. ‘स्यात्’ या शब्दाने संशय नव्हे, अपेक्षा सांगितली जाते. कोणताही नय आपल्या मर्यादेत खरा. दुसऱ्याला खोटे ठरवू लागला की तोच मिथ्या होतो. सुटी रत्ने कितीही मोलाची असली तरी ओवल्यावाचून त्यांना हार म्हणत नाहीत, हा दृष्टान्त आचार्यांचाच. परंपरेने मानलेल्या सात नयांपैकी नैगम त्यांनी वेगळा धरला नाही. केवलज्ञान व केवलदर्शन भिन्न नाहीत, असेही त्यांनी मांडले. यावर जिनभद्रगणींनी त्यांचे खंडन केले. पण त्यांचा ग्रंथ कोणी टाकून दिला नाही. अभयदेवसूरींनी त्यावर विशाल टीका लिहिली, आणि विसाव्या शतकात पंडित सुखलालजी व पंडित बेचरदास यांनी ती संपादित केली.

पाश्चात्त्य तर्कशास्त्रात विधान खरे किंवा खोटे, तिसरे काही नाही, असा नियम दीर्घकाळ चालला. पोलंडचे यान लुकासिएविच यांनी १९२० मध्ये तिसरे मूल्य मांडले. १९५४ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी संख्याशास्त्राच्या संदर्भात, तर १९५७ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी विज्ञानाच्या दृष्टीने सप्तभंगीचा विचार केला. सप्तभंगी म्हणजे सात सत्यमूल्ये, असे मात्र घाईने म्हणू नये. अनेक अभ्यासकांच्या मते सातही भंग आपापल्या अपेक्षेने सत्यच आहेत.

आचार्यांचे अखेरचे दिवस प्रतिष्ठानपुरी, म्हणजे आपल्या मराठवाड्यातील पैठण येथे गेले, असे परंपरा सांगते. तेथील गोदावरीच पुढे आपल्या गंगाखेडावरून वाहते. अनशनपूर्वक त्यांनी तेथे देह ठेवला. एक भाट उज्जयिनीस गेला व त्यांच्या साध्वी भगिनी सिद्धश्री यांच्यापुढे त्याने अर्धाच श्लोक म्हटला. त्यावरून बंधूंच्या निधनाची वार्ता त्यांनी ओळखली आणि उरलेला अर्धा श्लोक स्वतः पुरा केला.