न ढळलेली रेघ

(बी. ए. भाग २)

शाळेत असताना चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला रेघेची भीती ठाऊक आहे. पट्टी घट्ट धरावी, श्वास रोखावा आणि शाईची रेघ ओढावी; शेवटच्या बोटभर अंतरात हात हलतो आणि सगळ्या कागदाचा विचका होतो. निरोगी हाताची ही तऱ्हा! मग ज्या हातावरचा ताबाच दिवसेंदिवस सुटत चालला आहे, त्या हाताने काय करावे? नसरीन मोहम्मदी या थोर चित्रकर्तीने या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्याने दिले आहे.

नसरीन यांचा जन्म १९३७ साली कराचीत झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे १९४४ साली त्यांचे कुटुंब मुंबईस आले. १९५४ ते १९५७ या काळात लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले. नंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या पॅरिसलाही राहून आल्या. वडिलांचा व्यवसाय बहारीनमध्ये असल्याने वाळवंट आणि समुद्र त्यांनी जवळून पाहिला. दूरवर पसरलेली वाळू, क्षितिजाची एकच आडवी रेघ, हे दृश्य त्यांच्या चित्रांतून पुढे कधी गेलेच नाही.

मुंबईत त्या काळी वॉर्डन रोडवरची भुलाभाई देसाई संस्था हे कलावंतांचे माहेरघर होते. तेथे नसरीन यांचा वासुदेव गायतोंडे, तय्यब मेहता, हुसेन यांच्याशी परिचय झाला. गायतोंडे यांच्या अमूर्त चित्रांचा त्यांच्यावर विशेष प्रभाव पडला. १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्या चित्रकला शिकवू लागल्या. तेथील भूपेन खक्कर, गुलाम मोहम्मद शेख यांच्यासारखे चित्रकार माणसांची, गल्लीबोळांची, गोष्टी सांगणारी चित्रे काढीत होते. नसरीन यांनी मात्र आपली वाट सोडली नाही. तैलरंग बाजूला ठेवून त्यांनी पेन्सिल, काळी शाई आणि कागद एवढाच संसार मांडला.

त्यांच्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. केवळ रेघा! कुठे एकमेकींना छेदून जाळी विणणाऱ्या, कुठे तिरक्या धावत कागदाबाहेर निघून जाणाऱ्या. त्यांनी मागावरच्या सुताची छायाचित्रेही काढली होती. इचलकरंजीला गेलेल्या आपल्यापैकी कोणीही मागावरचा ताणा पाहिला असेल, त्याला ही चित्रे परकी वाटणार नाहीत. चित्रांना त्या नाव देत नसत, बहुतेकांवर तारीखही घालीत नसत. जवळून पाहिले की कळते, ही यंत्राची छपाई नाही. एकेक रेघ हाताने, आखणीच्या साधनांनी ओढलेली आहे. नकाशे काढणाऱ्यांच्या अशा पेनाला जरा जास्त दाब पडला की रेघ जाड होते, क्षणभर थांबले की डाग पडतो. चूक झाकायला जागा नाही.

अशा या कलावतीला ऐन उमेदीत मज्जासंस्थेच्या असाध्य विकाराने गाठले. शरीराच्या हालचालींवरचा ताबा हळूहळू सुटत जावा, असा हा विकार. एखाद्याने अशा वेळी कुंचला खाली ठेवला असता, आणि त्याला कोणी दोष दिला नसता. दुसऱ्या कोणी थरथरत्या हातालाही चालेल अशी सैल शैली स्वीकारली असती. नसरीन यांनी उलट सर्वांत कठीण काम धरून ठेवले. १९८० नंतरच्या त्यांच्या चित्रांत रेघा कमी झाल्या, कोरा कागद वाढला. परंतु उरलेली रेघ ढळली नाही. त्या रोजनिशी लिहीत, आणि तिच्या पानांवरही काळ्या पट्ट्यांची आखणी करीत. दुखणे वाढत होते, कामही चालू होते.

१९९० साली अलिबागजवळच्या किहीम येथे, समुद्राच्या सान्निध्यात, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांना फार थोड्यांनी ओळखले. पुढे २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आधुनिक कलेसाठी नवी शाखा उघडली, तेव्हा आरंभीच्या प्रदर्शनांत नसरीन यांचे प्रदर्शन होते.

हे सारे वाचताना मला माझी आई आठवत होती. तिला संधिवात आहे. बोटे वाकडी झाली आहेत, सुई धरताना चेहरा पिळवटतो. तरी दुपारचे काम उरकले की जुनी लुगडी अंथरून ती वाकळ शिवायला बसते. कॉलेजात शिकणारी मी, आमच्या घरातली पहिलीच. त्या शहाणपणाच्या भरात मी तिच्यावर रागावत असे. बाजारात चादरी मिळतात, कशाला हाल करून घेतेस, असे तिला बोलत असे. एकदा तर मी सुई-दोरा लपवून ठेवला. त्या दिवशी ती काही बोलली नाही, पण संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिचे दुखणे कमी करायला गेले आणि दुखण्याशिवाय तिच्याजवळ काही उरलेच नाही, हे मला तेव्हा कळले नव्हते.

नसरीन मोहम्मदी यांच्या चित्रांनी ते मला शिकवले. दिवसाकाठी एक रेघ, एक धावदोरा जरी मनासारखा उतरला, तरी तेवढा वेळ शरीर आजाराचे नसते, आपले असते. मित्रमैत्रिणींनो, आपल्याही घरी असे एखादे माणूस असेल. त्याला विश्रांती जरूर द्यावी, पण त्याच्या हातातले काम काढून घेऊ नये.

आता दुपारी मी आईला सुईत दोरा ओवून देते. टाका मात्र तीच घालते.