दुरुस्तीची नोंद

१९३० च्या दशकात फ्रेंच आरमारातला एक तरुण अधिकारी मोटार अपघातात जबर जखमी झाला. वैमानिक व्हायचं स्वप्न तिथंच संपलं. हातांत पुन्हा बळ यावं म्हणून तो तूलोंच्या समुद्रात पोहू लागला. एकदा पाणचष्मा लावून डोकं पाण्याखाली घातलं आणि पुढचं आयुष्य ठरून गेलं. हा झाक कुस्तो.

१९४३ मध्ये एमिल गान्यां या इंजिनिअरच्या मदतीने त्याने पाठीवर वाहायचं श्वसनयंत्र तयार केलं. पहिली चाचणी झाली ती मार्न नदीच्या गारठलेल्या पाण्यात. वरून हवा पुरवणाऱ्या नळीचं जोखड सुटलं.

खोल पाण्यात तांबडा रंग आधी विझतो. कुस्तोने खाली दिवे नेले आणि निळसर दिसणारे मासे लालभडक उजळले. 'द सायलेंट वर्ल्ड' या त्याच्या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च मान मिळाला. पण त्याच चित्रपटात, माशांची गणती करायची म्हणून, त्याची माणसं प्रवाळापाशी सुरुंग उडवताना दिसतात. पाण्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो.

बँकेत आम्हांला शिकवलं होतं, चुकीची नोंद खोडायची नसते. खाली दुरुस्तीची नोंद करायची. कुस्तोने तेच केलं. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकायला विरोध केला. १९७२-७३ मध्ये तो अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेला. पुढे ऐंशीच्या घरात असताना त्याच खंडासाठी त्याने लाखो सह्या गोळा केल्या. १९९१ च्या माद्रिद करारात तिथल्या खाणकामावर बंदी आली.

२५ जून १९९७ रोजी तो गेला. सुरुंगाची ती दृश्यं चित्रपटात अजून आहेत.