साडी नेसून टेनिस गाजवणाऱ्या मेहरबाई टाटा, ज्यांचा कोहिनूरहून मोठा हिरा कामगारांच्या पगारासाठी गहाण पडला

अंजनगाव सुर्जी असो, दर्यापूर असो की अकोट. वऱ्हाडात कुणाच्या घरी कॅन्सरचं निदान झालं की नातेवाइकांच्या तोंडी पहिला शब्द येतो, टाटा. पेशंटला मुंबईला टाटाला न्यायचं ठरतं, पैशांची जुळवाजुळव होते आणि घरचं कुणीतरी रिपोर्टची पिशवी घेऊन गाडीत बसतं.

हे नाव सगळ्यांना पाठ आहे. पण या हॉस्पिटलच्या मागे एका टेनिसपटू बाईची गोष्ट आहे, ती फार कमी जणांना माहिती असते. त्या बाईंचं नाव मेहरबाई टाटा.

मेहरबाईंचा जन्म १० ऑक्टोबर १८७९ चा, मुंबईतल्या पारशी भाभा कुटुंबातला. वडील होर्मसजी भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे बडे अधिकारी होते. मुलींना शिकवायचं की नाही यावर देशात वाद चालायचे, त्या काळात या घरात मुलीच्या हातात पुस्तकं होती आणि समोर पियानो होता. पुढे अणुशास्त्रज्ञ म्हणून जगभर नाव झालेले होमी भाभा हे याच मेहरबाईंचे भाचे.

जमशेटजी टाटा म्हैसूरला गेले की भाभांकडे त्यांचं जाणं व्हायचं. तिथल्या ओळखीतून सोयरीक जुळली आणि १४ फेब्रुवारी १८९८ रोजी जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्याशी मेहरबाईंचं लग्न झालं. नवरी १८ वर्षांची, नवरदेव ३८ वर्षांचे. वयात वीस वर्षांचं अंतर, पण दोघांना जोडणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे खेळ.

दोराबजींना खेळांचं अक्षरशः वेड होतं. १९२० च्या ऑलिम्पिकला भारताचे खेळाडू गेले ते बऱ्याच अंशी त्यांच्या खटपटीमुळे. मेहरबाई घोडेस्वारी करायच्या, स्वतः मोटार चालवायच्या. पण त्यांचा खरा खेळ टेनिस.

टेनिस तेव्हा साहेब लोकांचा खेळ होता. कोर्टवर गोऱ्या मडमा लांब झग्यात उतरायच्या. मेहरबाई उतरायच्या त्या पारशी पद्धतीची साडी नेसून. दुहेरीच्या सामन्यात एकीला नेटपाशी झेपावावं लागतं, डोक्यावरून गेलेल्या चेंडूसाठी उलट धावावं लागतं, जोडीदाराची मोकळी राहिलेली बाजू सांभाळावी लागते. हे सगळं त्या पाचवारी साडीत करायच्या. साडी नेसून खेळता येत नाही, असं म्हणणाऱ्यांना त्यांच्या कपाटातल्या बक्षिसांनी उत्तर दिलं. साठाहून जास्त बक्षिसं त्यांच्या नावावर होती. वेस्टर्न इंडिया टेनिस स्पर्धेत त्यांनी तिहेरी मुकुट मिळवला होता.

मग आलं १९२४ साल. पॅरिस ऑलिम्पिकच्या मिश्र दुहेरीसाठी भारताकडून मोहम्मद सलीम यांच्या जोडीला नाव लागलं ते मेहरबाईंचं. तेव्हा त्या ४४ वर्षांच्या होत्या. या ऑलिम्पिकनंतर टेनिस पदकाच्या खेळांतून बाहेर पडलं, ते परत यायला १९८८ साल उजाडलं.

पण त्याच १९२४ मध्ये टाटांच्या घरावर वेगळंच संकट आलं होतं.

पहिल्या महायुद्धानंतर जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याचा मोठा विस्तार सुरू झाला होता. खर्च वाढत गेला, पोलादाचे भाव पडले. त्यातच १९२३ मध्ये जपानला भूकंप झाला आणि टाटांच्या कच्च्या लोखंडाचं मोठं गिऱ्हाईक अडचणीत आलं. शेवटी कामगारांच्या पगारालाही पैसे उरले नाहीत.

मेहरबाईंकडे एक हिरा होता, ज्युबिली डायमंड. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत सापडलेला, २४५ कॅरटचा. आजचा कोहिनूर साधारण १०५ कॅरटचा आहे, म्हणजे हा त्याच्या दुपटीहून मोठा. दोराबजींनी तो लग्नानंतर बायकोसाठी हौसेनं घेतला होता. आता नवराबायकोनं आपली सगळी खासगी मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे गहाण ठेवली, आणि त्यात हा हिराही गेला. मालमत्तेची किंमत होती सुमारे एक कोटी रुपये. कर्ज मिळालं, पगार झाले, कारखाना तगला. पुढे कंपनी सावरली आणि हिरा सोडवून आणता आला.

मेहरबाई फक्त उद्योगपतीची बायको म्हणून जगल्या नाहीत. मुलींचं शिक्षण, पडदा पद्धत, अस्पृश्यता या प्रश्नांवर त्या बोलत राहिल्या. नॅशनल कौन्सिल ऑफ विमेन इन इंडिया ही संस्था उभी करण्यात त्यांचा वाटा होता. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जाऊन त्यांनी बालविवाहाविरुद्ध भाषण केलं. दोन वर्षांनी सारडा कायदा आला आणि मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरलं.

पुढच्या दोनच वर्षांत सगळं संपलं. मेहरबाईंना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला. १८ जून १९३१ रोजी वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये त्या गेल्या. वय ५१. इंग्लंडमध्ये ब्रुकवूडच्या दफनभूमीत त्यांना निरोप देण्यात आला.

दोराबजी त्यानंतर वर्षभरही जगले नाहीत. पण तेवढ्या काळात त्यांनी दोन मोठी कामं केली. बायकोच्या नावानं लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला, तो ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी. आणि मूलबाळ नसलेल्या या माणसानं ज्युबिली हिऱ्यासकट आपली संपत्ती दुसऱ्या ट्रस्टला देऊन टाकली. ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं. ब्रुकवूडमध्ये दोघं शेजारी शेजारी विसावले आहेत.

हिरा पुढे विकला गेला आणि ते पैसे ट्रस्टला मिळाले. याच ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं.

मेहरबाईंचा खेळही पुढे चालत राहिला. १९३४ मध्ये लीला राव यांनी विम्बल्डनला सामना जिंकला, असं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला सानिया मिर्झाच्या जोडीनं महिला दुहेरीत उतरली ती आपल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे.

आणि अंजनगावहून रिपोर्टची पिशवी घेऊन निघालेला माणूस आजही परळलाच उतरतो. मेहरबाईंना ज्या आजारानं नेलं, त्याच आजाराशी तिथे रोज झुंज सुरू असते.