रंग ओळखता येईनात म्हणून चित्रकला सुटली आणि महाराष्ट्राला लोखंडी नांगर मिळाला

पुण्याहून साताऱ्याला निघालं की खंबाटकी घाटाच्या आधी शिरवळ लागतं. खंडाळा तालुक्यातल्या या गावात आज कारखान्यांची रांग आहे. त्यातला एक किर्लोस्कर ब्रदर्सचा. हल्ली कारखान्यांची ड्रॉइंग्ज कॅडवर होतात. नट-बोल्टच्या रेषा आणि वर्तुळं एकत्र बांधून 'ब्लॉक' केला की तो एकच तुकडा होतो. सरकवा, फिरवा, आतलं माप हलत नाही.

संगणक नव्हते तेव्हा सुट्या भागांचा हा विचार कागदावर करावा लागायचा. त्यात मुरलेला माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की काही रंगांमधला फरक त्यांना दिसत नाही. चित्रकला संपली, पण रेषेला रंग लागत नाही. ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले.

१८८८ मध्ये सुरू झालेल्या सायकलच्या दुकानातून पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर आला. लाकडी नांगर गावचा सुतार घडवायचा, त्यामुळे प्रत्येक वेगळा. ओतीव भाग मात्र एकाच साच्यातून निघतो. फाळ झिजला तर फाळ बदला, नांगर तोच.

पण लोखंडानं जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. सुरुवातीला गिऱ्हाईकच मिळेना. त्यात बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' हा प्रोग्राम मांडला. मूळ आकृती एकदाच काढायची, हव्या तेवढ्या प्रती ठेवायच्या. मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलतात. कॅडमधला ब्लॉक याच कल्पनेवर चालतो.

एक साचा, अनेक सारखे भाग. किर्लोस्करवाडीच्या भट्टीत हेच तर चाललं होतं, फक्त लोखंडात.